धूर दिसतोय म्हणजे बाबा जागे आहेत

आमच्या गावातल्या एका गायकाचं गाणं पहिल्यांदा रेडिओवर लागलं, तेव्हा ते ६७ वर्षांचे होते. गाव म्हणजे अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातलं स्प्रिंगफील्ड. कंट्री, म्हणजे इथल्या गावाकडच्या वळणाच्या गाण्यांसाठी नावाजलेल्या नॅशव्हिलच्या उत्तरेला तीसेक मैलांवर, रॉबर्टसन काउंटीचं मुख्य ठिकाण. ते गाणं वहीतून बाहेर पडल्यापासून रेडिओवर लागेपर्यंत मी त्याच्या सोबत होते, म्हणून हे लिहिते आहे. नॅशव्हिलच्या गोष्टी आपण ऐकतो त्या बहुतेक नशिबाच्या असतात: कोणीतरी बारमध्ये गात होता, एका मोठ्या माणसाच्या कानावर पडलं आणि आयुष्य पालटलं. मी पाहिलं ते वेगळं होतं. एक उत्तम गाणं चाळीसेक वर्षं वहीत पडून होतं, कारण ते दुसऱ्याच्या हाती देता येईल अशा रूपात कधी आलंच नव्हतं. गळा होता, शब्द होते, चाल होती. पुढचं काम काय असतं आणि ते कुठे जाऊन करायचं, हे सांगणारं कोणी नव्हतं.

त्यांनी नाव छापू नका म्हणून सांगितलंय. आमच्या घरात त्यांना पहिल्यापासून पाटील म्हणतात, कारण बांधावर हात मागे बांधून उभं राहण्याची त्यांची ढब थेट आमच्या गावाकडची आहे. तेव्हा इथेही पाटीलच म्हणते. ते मला अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या रीतीप्रमाणे नावाआधी ‘मिस’ लावून हाक मारतात.

मी मूळची निपाणीची. वडील तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहायचे. वखारीचा तो नाकात चढणारा खाट, चाळणीवर बसलेल्या बायकांचा ठसका, दारात रचलेली तंबाखूची मोठी बोदं, यात माझं लहानपण गेलं. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला, तेव्हा मी शाळेत होते. गोळीबाराची बातमी आली त्या रात्री गल्लीत कोणाच्या घरी चूल पेटली नाही, हे मला पक्कं आठवतं. पुढे लग्न झालं, यजमानांना स्प्रिंगफील्डजवळच्या कारखान्यात नोकरी लागली आणि इथे येऊन पाहते तर इथेही तंबाखूच. फरक इतकाच, की इथला तंबाखू धुरी देऊन तयार करतात. तोडलेली झाडं काठ्यांवर ओवून उंच लाकडी कोठारात टांगायची, खाली जमिनीवर हिकरी आणि ओकच्या ढलप्या रचून त्यावर लाकडाचा भुसा पसरायचा आणि तो आठवडेच्या आठवडे धुमसत ठेवायचा. ज्वाळा होऊ द्यायची नाही. ज्वाळा चढली तर वर्षाचं पीक आणि कोठार दोन्ही जातं, म्हणून घरधनी रात्ररात्र उठून बघतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात या भागातून गाडीने जाताना कोठाराच्या फटीफटीतून धूर निघताना दिसतो आणि नवखी माणसं आग लागली समजून अग्निशमन दलाला फोन करतात.

पाटलांची ओळख पेटीमुळे झाली. माझ्या हार्मोनियमचा भाता विमानप्रवासात फाटला होता आणि चर्चमधले पायपेटीचे जुने ऑर्गन दुरुस्त करणारा एक माणूस गावात आहे असं कळलं. पेटी उघडून त्यांनी सुरांच्या पट्ट्या पाहिल्या आणि हसले. आतला कारभार तोच. भात्याला त्यांनी मऊ कातडं लावून दिलं, तपासायला एक सूर धरला आणि त्या सुरावर सहज गुणगुणले. तो आवाज ऐकून मी जागच्या जागी थांबले. वर चढताना जरा घासणारा, पण शब्द कानात नीट ठेवून जाणारा. असा आवाज आमच्याकडे पहाटेच्या काकड्याला एखाद्या म्हाताऱ्या वारकऱ्याचा असतो.

पाटलांनी आयुष्यभर तंबाखू केला. २००४ मध्ये सरकारने तंबाखूची कोटा-पद्धत, म्हणजे कोणी किती पिकवायचा हे ठरवून देणारी पद्धत, मोडीत काढली, तेव्हा शेती खंडाने देऊन शाळेची बस चालवायला लागले. शुक्रवारी कोर्टाच्या चौकाजवळच्या खानावळीत गायचे, तेही लोकांच्या ओळखीची जुनी गाणी. स्वतःची गाणी वह्यांत होती. कोणी मागितली नाहीत, म्हणून त्यांनी गायली नाहीत.

त्यातलं एक त्यांनी आमच्या स्वयंपाकघरात म्हणून दाखवलं. लहान मुलगा रात्री खिडकीतून कोठाराचा धूर बघतो आणि घाबरतो. पाच लांब कडवी होती. चौथ्या कडव्याच्या शेवटी आई त्याला सांगते: धूर दिसतोय म्हणजे बाबा जागे आहेत, तू झोप. मला रडू आलं. यजमान उठून बाहेर गेले.

मी आयुष्यभर हिशेबाच्या ऑफिसात काम केलं आहे. एखादी गोष्ट अडली की तिचा रीतसर रस्ता कुठे आहे हे मी शोधते. नॅशव्हिलमध्ये गीतकारांची एक संघटना आहे, नॅशव्हिल साँगरायटर्स असोसिएशन इंटरनॅशनल, १९६७ पासूनची. सभासद झालं की आपलं गाणं अनुभवी गीतकाराकडून तपासून मिळतं. आम्ही २०२१च्या शरद ऋतूत फोनवर गाणं रेकॉर्ड केलं, नुसती गिटार आणि आवाज. याला इथे वर्कटेप म्हणतात. ते पाठवून दिलं.

उत्तर आलं ते नेमकं होतं. आईचं वाक्य हेच तुमचं धृपद आहे आणि हेच गाण्याचं नाव आहे. ते चौथ्या कडव्यापर्यंत थांबून चालणार नाही, ऐकणारा मिनिटभरात तिथे पोहोचला पाहिजे. पाच कडव्यांची दोन करा. दुसऱ्या कडव्यात धूर नको, माणूस दाखवा.

पाटील नाराज झाले. चाळीस वर्षं जपलेली कडवी कापायची म्हणजे जिवावर येणारच. पण मला तो सल्ला शंभर टक्के पटला होता आणि मी त्यांना तसं सांगितलं. चांगला तपासनीस गाण्याचा शत्रू नसतो. त्या माणसाने त्यांच्याच ओळींतून सगळ्यात खरी ओळ वेचून पुढे ठेवली होती.

दुसऱ्या कडव्यासाठी आम्ही कितीतरी रविवार बसलो. एकदा मी निपाणीचं सांगत होते. शेतावर तंबाखूचा पाला खुडून आलेल्या आत्याच्या हातांना काळा चिकट राप चढायचा आणि भाकरी कडू लागायची, म्हणून आजी तिला आधी चिंचेने हात घासायला लावायची. पाटील एकदम सरसावून बसले. म्हणाले, आमची आई बाबांच्या हातांवर हिरवे टोमॅटो पिळायची, त्यानेच तो राप निघतो. मग बराच वेळ ते बोललेच नाहीत, वहीत लिहीत राहिले. ते दुसरं कडवं तसंच्या तसं आज गाण्यात आहे: पहाटे बाबा आत येतात, आई हिरवा टोमॅटो कापते, काळं पाणी मोरीतून जातं आणि तेच हात मुलाच्या डोक्यावर येतात.

त्या दिवशी त्यांनी मला गाण्यात निम्मा वाटा लिहून दिला. मी नको म्हणत होते. पण नॅशव्हिलचा रिवाजच आहे, की गाणं होताना खोलीत बसलेल्यांचा वाटा सारखा. कोणी किती शब्द दिले हे मोजत बसायचं नाही. मला हा रिवाज फार मोठ्या मनाचा वाटतो. आपल्याकडे लोकगीतांच्या किती ओळी बायकांनी जात्यावर घडवल्या आणि त्यांचं नाव कुठेच राहिलं नाही.

नवं गाणं लोकांसमोर गाऊन बघायला ब्लूबर्ड कॅफे. १९८२ साली सुरू झालेली ही जागा दुकानांच्या एका साध्या रांगेत आहे, जेमतेम ९० खुर्च्या. २००८ पासून ती गीतकारांच्या त्याच संघटनेच्या ताब्यात आहे. सोमवारी तिथे ओपन माइक असतो, म्हणजे नाव नोंदवून कोणीही गावं. गाणं स्वतःचंच हवं आणि कोणी गात असताना श्रोत्यांनी बोलायचं नाही, हे दोन नियम कडक. खानावळीत काट्याचमच्यांच्या आवाजावर गायची सवय असलेल्या माणसाला ती शांतता पेलेल का, ही मला धास्ती होती. पाटलांनी पहिली ओळ खानावळीसारखीच खड्या आवाजात घेतली. दुसऱ्या ओळीला त्यांच्या लक्षात आलं, की इथे ओरडायची गरज नाही, लोक ऐकताहेत. आवाज खाली आला आणि गाणं उघडलं. मी समोरच्या टेबलावरच्या एका मुलीकडे बघत होते. हिरव्या टोमॅटोच्या ओळीला तिने आपलेच हात पाहिले.

मग डेमो, म्हणजे गायकांना आणि प्रकाशकांना ऐकवायचं नमुन्याचं रेकॉर्डिंग. त्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण गाण्यातल्या माणसाला तिथे शिकण्यासारखं फार आहे.

नॅशव्हिलच्या पोटात बेरी हिल नावाचं छोटंसं वेगळं शहर आहे. जुन्या बैठ्या घरांची रांग आणि त्यातल्या कितीतरी घरांत स्टुडिओ. सेशन तीन तासांचं आणि वेळा ठरलेल्या: सकाळी दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा. आम्हाला दोनचं मिळालं. ड्रम, बेस, दोन गिटार, फिडल (व्हायोलिनच ते) आणि पेडल स्टील नावाची आडवी गिटार वाजवणारे आले. त्यातल्या कोणीही आमचं गाणं आधी ऐकलेलं नव्हतं. मला वाटलं, आता तालीम होईल. सेशन लीडरने वर्कटेप लावली आणि गाणं वाजत असतानाच एका कागदावर आकडे लिहीत गेला. १ १ ४ १, पुढे १ ६ ५ ५, त्या सहाच्या शेजारी वजा चिन्ह. धृपदाच्या शेवटी एका आकड्याभोवती चौकट, तिरकी उभी केलेली. गाणं दुसऱ्यांदा वाजून संपायच्या आत चार्ट तयार. झेरॉक्स काढून सगळ्यांना वाटला, मलाही दिला.

मी तो कागद पाहिला आणि मला सगळं वाचता येत होतं! १ म्हणजे सा वर उभा केलेला कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर), ४ म्हणजे म वर, ५ म्हणजे प वर. ६ च्या शेजारचं वजा म्हणजे ध वरचा मायनर, उदास छटेचा कॉर्ड. तिरकी चौकट म्हणजे कॉर्ड एकदा छेडायचा आणि त्या मापाच्या सगळ्या मात्रा घुमू द्यायचा. सा पेटीच्या कुठल्या पट्टीवर धरायचा, पांढरी चार की काळी एक, हे कागदावर नाहीच. १९५०च्या दशकात जॉर्डनेअर्स या गायकवृंदातल्या नील मॅथ्यूज यांनी ही आकड्यांची पद्धत रूढ केली आणि स्टुडिओतल्या वादकांनी ती उचलली. आपल्याकडे पेटीवाल्याला गवयाची पट्टी बदलली की सरगम बदलावी लागत नाही, तेच तत्त्व.

त्याचा उपयोग लगेच दिसला. पाटलांनी गाणं तिशीत रचलं तेव्हा पांढरी सहामध्ये रचलं होतं. आता धृपदाचा वरचा सूर घेताना गळा ताणला जात होता आणि त्यांनी ते कोणाला सांगितलं नव्हतं. लीडरने एकदा ऐकलं, म्हणाला पांढरी पाचला घेऊ. म्हणजे त्यांच्या भाषेत जी. गिटारवाल्याने पट्टी चढवायला लावलेला चिमटा, कॅपो, काढला, बाकी कोणी कागदावर रेघही ओढली नाही, आणि पुढच्या मिनिटाला सगळे नव्या पट्टीत वाजवत होते. एका स्वराने खाली आल्यावर पाटलांचा आवाज असा बसला, की मला वाटलं हे गाणं या वयाचीच वाट पाहत होतं. तिशीतला आवाज मुलाची गोष्ट सांगत असता. आताच्या आवाजात मुलगाही आहे आणि रात्रभर जागणारा बापही आहे.

पेडल स्टीलवाल्याशेजारी मी खुर्ची घेऊन बसले होते. दहा तारा, पायाशी पेडल, दोन्ही गुडघ्यांना लागून लिव्हर, डाव्या हातात पोलादी कांडी. कांडी तारेवर सरकते तेव्हा दुसरी तार पायाने ओढून वर नेता येते. एकाच वेळी एक सूर स्थिर आणि दुसरा त्याच्याकडे झुकत जाणारा. मींडच ती. पेटीवर मींड निघत नाही याची मला जन्मभर हळहळ वाटत आली आहे. ते वाजताना मी डोळे मिटून ऐकत राहिले.

पहिल्या कडव्याखाली माझी पेटी आहे. नुसता सा-प धरून ठेवला आहे, दुसरं काही नाही. पाटलांचा हट्ट होता आणि लीडरला त्यात वावगं वाटलं नाही, चर्चच्या ऑर्गनचा हा आवाज त्यांच्याही कानातला आहे. शेवटी पाटलांनी एकट्याने हेडफोन लावून गायलं. लीडरने त्यांना एकच सूचना दिली: गाऊ नका, त्या मुलाला सांगा. त्यानंतर गायलेला टेकच कायम ठेवला.

कागदपत्रांचं काम मी अंगावर घेतलं. कंटाळवाणं आहे, पण गाणाऱ्यांनी ते टाळू नये असं मला कळकळीने वाटतं. आधी वाट्याचा कागद, दोघांच्या सह्यांचा. मग कॉपीराइट कार्यालयात नोंदणी. मग बीएमआयचं सभासदत्व. सादरीकरणाचे हक्क वसूल करणारी ही संस्था १९३९ची. तिच्याआधी १९१४ पासून एएससीएपी ही तशीच संस्था होतीच, पण कंट्री, ब्लूज, गॉस्पेल लिहिणाऱ्यांना खऱ्या अर्थाने दार उघडलं ते बीएमआयने, म्हणून आम्ही तिकडे गेलो. २०२१ पासून स्ट्रीमिंगचे यांत्रिक हक्क, म्हणजे गाण्याची प्रत काढण्याचा गीतकाराचा मोबदला, गोळा करणारी एमएलसी नावाची वेगळी संस्था नॅशव्हिलमध्येच सुरू झाली आहे. तिथे गाणं स्वतंत्र नोंदवावं लागतं, नाहीतर पैसे जमा होतात आणि मालकाचा पत्ता लागत नाही. आणखी एक गोष्ट मला इथेच कळली: अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं लागलं तर पैसे गीतकाराला आणि प्रकाशकाला (गाण्याचे हक्क सांभाळून ते गायकांपर्यंत नेणाऱ्याला) मिळतात, गायकाला आणि वादकांना नाहीत. नुसतं गाणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्या गायकांच्या हाती काही का राहिलं नाही, ते त्यावरून समजतं.

संघटनेच्या एका बैठकीत प्रकाशकांना गाणी ऐकवता येतात. तिथे एका प्रकाशक बाईंना आमचं गाणं आवडलं. एका गाण्यापुरता करार झाला. ठरलेल्या मुदतीत गाणं कोणी रेकॉर्ड केलं नाही, तर हक्क आमच्याकडे परत यावेत, हे कलम मी घालून घेतलं. त्या बाईंनीही खळखळ केली नाही.

आणि मग वाट बघणं. एका नावाजलेल्या गायकाच्या ऑफिसने गाणं होल्डवर घेतलं. होल्ड म्हणजे शब्दावरचं आरक्षण: आम्ही ठरवेपर्यंत दुसऱ्या कोणाला देऊ नका. पैसे नाहीत, लेखी काही नाही. कितीतरी महिने गेले आणि होल्ड सुटला. पाटील खचले. मी त्यांना के. टी. ऑस्लिन यांची गोष्ट सांगितली. न्यूयॉर्कमध्ये नाटकांच्या कोरसमध्ये आणि जाहिरातींत गाणारी बाई, १९८७ मध्ये पंचेचाळिशीत पहिलं यश मिळालं आणि पुढच्याच वर्षी कंट्री म्युझिक असोसिएशनचा सर्वोत्कृष्ट गाण्याचा पुरस्कार मिळवणारी ती पहिली गीतकार स्त्री ठरली. डग सीगर्स यांचीही सांगितली. नॅशव्हिलच्या रस्त्यांवर गाणारा बेघर माणूस. साठी ओलांडल्यावर स्वीडनची गायिका जिल जॉन्सन हिने आपल्या टीव्ही कार्यक्रमात त्याला दाखवलं, स्टुडिओत नेऊन गाणं रेकॉर्ड केलं आणि २०१४ मध्ये ते स्वीडनच्या आयट्यून्स यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. आवाज रस्त्यावर होता तेव्हाही तोच होता. कोणीतरी त्याला स्टुडिओपर्यंत नेलं, एवढाच काय तो फरक. पाटलांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, मला त्याचं गाणं लावून दाखवा. आम्ही ते ऐकत संध्याकाळ घालवली.

२०२३ मध्ये केंटकीतल्या तंबाखू पिकवणाऱ्या घरातल्या एका तरुण गायिकेने गाणं घेतलं. तिने बाबांच्या जागी आजोबा करू का असं विचारलं, पाटील नाही म्हणाले, आणि तिने ते मानलं. तिची आवृत्ती पुढच्या वर्षी रेडिओवर आली. तिच्या कार्यक्रमांतून ती गाण्याआधी सांगायची, की हे लिहिणारा माणूस स्प्रिंगफील्डला राहतो. लोक मूळ आवाज शोधायला लागले. मग आम्ही बेरी हिलचं ते रेकॉर्डिंग पाटलांच्या नावाने प्रसिद्ध केलं, पेटीसकट.

पैशाचं म्हणाल तर कोणी बंगला बांधेल इतके नाहीत. २००६ पासून ९.१ सेंटांवर अडकलेला विक्रीच्या प्रतीमागचा दर २०२३ साली १२ सेंट झाला, आणि त्यात प्रकाशक आणि आम्ही दोघं. पण बीएमआयची तिमाही रक्कम येते, आणि कार्यक्रमांचे मिळून आता पाटलांना बस चालवून मिळायचे त्याहून जास्त पैसे मिळतात. शनिवार-रविवार टेनेसी आणि केंटकीतल्या गावोगावच्या जत्रांत, छोट्या थिएटरांत त्यांना बोलावणं असतं. ब्लूबर्डमध्ये खोलीच्या मधोमध चार गीतकार गोल करून बसतात आणि आळीपाळीने गातात, तिथे आता ते बसतात. काउंटीच्या जत्रेत गेल्या वर्षी त्यांचं गाणं सुरू झालं आणि म्हातारे शेतकरी टोप्या काढून उभे राहिले. त्यांच्या पत्नी माझ्या शेजारी होत्या. त्यांनी माझा हात घट्ट धरला होता, तो गाणं संपल्यावरही सोडला नाही.

शुक्रवारी ते अजून त्याच खानावळीत गातात. आता लोक त्यांची स्वतःची गाणी मागतात.

सध्या दुसरं गाणं हातात आहे. १९०४ पासून पाचेक वर्षं या पट्ट्यात तंबाखूच्या भावावरून शेतकऱ्यांनी अमेरिकन टोबॅको कंपनीशी झुंज दिली. माल रोखून धरला, रात्री घोड्यांवरून येणाऱ्या टोळ्यांनी वखारी जाळल्या, आणि साथ न देणाऱ्या शेजाऱ्यांवरही हात टाकला. पाटलांचे आजोबा तेव्हा पोरसवदा होते. वहीतलं गाणं त्यांच्याबद्दल आहे. निपाणीच्या त्या रात्रीबद्दल मी पाटलांना सगळं सांगितलंय, ते त्यात येईल की नाही ते बघू. तपासणीला पाठवलं होतं, धृपद पुन्हा उशिरा येतंय असा शेरा आला आहे. या रविवारी जेवणानंतर बसायचं ठरलंय. आजोबांनी वखार जळताना पाहिली ते कडवं अजून फार लांब आहे, आधी ते कापायला घेणार आहोत.